संध्याकाळच्या तीन कॅप्सूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हासुद्धा हा विषय मी काढत नाही – त्याला ठाऊकच असेल, आपण कशाला बोलायचं, असं म्हणून घंटा वाजवतो आणि बाहेर येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत. समोरच्याच्या डोळ्यात बघून खरं बोलायची छाती माझ्यात कधीच नव्हती. लोकांना वाटतं, होती. सिरसाळ्यात कुणालाही विचारा, भास्कर म्हणजे छातीचा माणूस, असंच सांगतील.

सिरसाळ्याला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात रशीद मिस्त्रीचं गॅरेज होतं. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसलो, एकाच साली नापास झालो आणि एकदमच धंद्याला लागलो. तो ट्रॅक्टर खोलायचा, काय मोडलंय ते बघायचा आणि गिऱ्हाइकाला माझ्याकडं धाडायचा. माझ्याकडं कुणी नुसतं बेअरिंग मागायला आला तर मी म्हणायचो, आधी रशीदला दाखव, चांगलं असेल तर उगं कशाला बदलतो. त्याच्यासारखा दोस्त मला परत मिळाला नाही, आणि मिळायला नकोच.

आमच्या दोघांत एक खोड होती. पैज. कशावरही. ट्रॅक्टरचं मागचं चाक एकट्यानं कोण उभं करतो, ठेच्याची वाटी पाण्याशिवाय कोण संपवतो, भर उन्हात डांबरावर अनवाणी जास्त वेळ कोण थांबतो. पैशाची पैज कधी लावली नाही. हरला त्यानं भर बाजारात दुसऱ्याचे बूट पुसायचे, नाहीतर आठवडाभर त्याला 'मालक' म्हणून हाक मारायची – असलं काहीतरी. फाट्यावरच्या हॉटेलात आमच्या पैजा बघायला माणसं चहा थंड करायची. पंचेचाळिशी ओलांडली तरी हे चालूच होतं. दोघांच्याही बायका म्हणायच्या, यांना अक्कल कधी येणार. त्यांचं बरोबर होतं.

रोगही आम्हाला जोडीनंच सापडला. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बाजारात रक्तदानाचं शिबिर होतं. कुणाची पिशवी आधी भरते अशी पैज लावून आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर आडवे झालो. रशीदची आधी भरली. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, दोघांनाही – येऊन भेटा. हेपेटायटिस सी. म्हणजे डोळ्यात पिवळी न दिसणारी कावीळ, आतल्या आत लिव्हर खात बसणारी. कुठून आली? आमच्या लहानपणी एकच कंपाउंडर साऱ्या गावाला एकाच सुईनं टोचायचा, तिथून असेल. वस्तऱ्यातून असेल. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, आता ते शोधून काय करता, बरं व्हायचं बघा.

हल्ली ऐकतो की या रोगाला तीन महिन्यांच्या साध्या गोळ्या असतात आणि बऱ्याच जणांना त्रासही फारसा होत नाही. आमच्या वेळेला नव्या गोळीबरोबर जुन्या कॅप्सूलही खाव्या लागायच्या. नवी गोळी दिवसाला एक – ती रोगावर. कॅप्सूल सकाळी दोन, संध्याकाळी तीन – त्या गोळीच्या जोडीला, तिचा जोर वाढवायला. असं सहा महिने. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. या कॅप्सूलनं रक्त कमी होतं. दम लागेल, छाती धडधडेल, झोप जाईल, अंगाला खाज सुटेल, चिडचिड होईल. रक्त तपासत राहायचं. दम वाढला तर लगेच यायचं, मी कॅप्सूल कमी करून देईन. आपल्या मनानं मात्र काही कमी करायचं नाही, बंद तर मुळीच करायचं नाही. आम्ही माना डोलावल्या आणि खाली येऊन मोटरसायकलला किक मारली.

परत येताना फाट्यावर उतरलो. रशीदनं चहा सांगितला आणि मिशीवरून हात फिरवला. आम्हा दोघांनाही मिशा होत्या, चांगल्या गालापर्यंत वळवलेल्या. तो म्हणाला, "भास्कऱ्या, ऐक बे. जो पयला डाक्टरला म्हणंल का सायेब गोळ्या कमी करा, त्याची मिशी उडाली. मंजूर?"

मंजूर, म्हणलं. हॉटेलात हशा पिकला. तुम्ही म्हणाल, औषधावर कुणी पैज लावतं का? आम्ही लावली. भीती वाटत होती ना दोघांनाही, खरं तर लई भीती वाटत होती, आणि भ्यायलो असं एकमेकांना सांगायची रीत आमच्यात नव्हती.

तेव्हापासून एक ठरून गेलं. सकाळच्या कॅप्सूल आपापल्या घरी, संध्याकाळच्या फाट्यावर. गॅरेज आणि दुकान बंद केलं की हॉटेलात यायचं, भजी मागवायची, कारण रिकाम्या पोटी त्या कॅप्सूल घ्यायच्या नव्हत्या. मग दोघांनी तळहातावर तीन तीन ठेवायच्या, एकमेकांना दाखवायच्या, 'बघ बे' म्हणायचं आणि पाण्याबरोबर ढकलायच्या. हॉटेलवाल्यानं, आमचा रोग दुसऱ्यांना लागू नये म्हणून, आमच्यासाठी दोन स्टीलचे पेले बाजूला काढून ठेवले होते. मला ते मनाला लागलं. रशीदनं त्या पेल्यांवर खिळ्यानं आमची नावं कोरली आणि म्हणाला, बघ, आपली इज्जत वाढली, नावाचे पेले मिळाले. असा होता तो.

त्रास मला आधी सुरू झाला. अंगाला अशी खाज की कंगवा घेऊन पाठ ओरबाडायचो. झोप नाही. एका गिऱ्हाइकानं नटबोल्टच्या भावावरून हुज्जत घातली तर मी नटबोल्टचा आख्खा ट्रे त्याच्या पायाशी आपटला. रशीद शेजारून धावत आला, त्या माणसाला समजावून धाडलं आणि माझ्याबरोबर खाली बसून एक एक नट वेचला. हसत होता. म्हणाला, मलाबी व्हतंय बे असंच, काल म्या बकरीशी भांडलो. मला बरं वाटलं. दोघांना होतंय म्हणल्यावर काय, चालायचंच.

मग एके दिवशी दुकानात वरच्या फळीवरचा फिल्टर काढायला शिडी चढलो आणि अर्ध्यात थांबलो. छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसला. कानात शिट्टी वाजत होती. खाली उतरून पोत्यावर बसलो तर नखं पांढरी पडलेली. घाबरलो. त्या दिवशी रशीद दिंद्रुडकडं एका शेतात मळणीयंत्र दुरुस्त करायला गेलता. मी दुकानाला कुलूप लावलं आणि एकटाच अंबाजोगाईला गेलो.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि संध्याकाळच्या तीनच्या जागी एकच कॅप्सूल करून दिली. मी विचारलं, साहेब, कमी केल्यावर रोग राहील का? ते म्हणाले, तसं काही नाही, नवी गोळी चालूच आहे, रक्त बघून कॅप्सूल कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, अनेकांची करावी लागते. यात कमीपणा वाटून घेऊ नका. मग म्हणाले, तुमच्या मित्राचंही रक्त बघायला हवं, त्यांना याच आठवड्यात घेऊन या.

हे शब्द नीट ध्यानात ठेवा. मला ते तेव्हा नीट ऐकू आले होते.

येताना रस्ताभर मी मनाशी ठरवत होतो की फाट्यावर उतरल्या उतरल्या रशीदला सांगायचं. हरलो बे, घे वस्तरा. हसतील लोक, दोन दिवस हसतील. पण तो फाट्यावर आधीच येऊन बसलेला, आणि हॉटेल भरलेलं. मला बघून लांबूनच ओरडला, "आला बे मर्द. कावून गेलतास एकटा? काय म्हणला डाक्टर?"

आणि मी मिशीला पीळ दिला. म्हणलं, "सगळं बेस हाय म्हणला. घोड्यावानी हाय म्हणला."

बस. एवढंच. इतकी सोपी गोष्ट होती ती. खोटं बोलताना काही तरी जड वाटायला हवं ना? मला हलकं वाटलं.

आता संध्याकाळी तळहातावर तीन दाखवायच्या कुठून? मी मेडिकलमधून ताकदीच्या कॅप्सूलची पाकिटं आणली, रंगाला जवळपास तसल्याच. एक खरी, दोन ताकदीच्या. रशीद काही नाकाला लावून बघणार नव्हता. तो म्हणायचा, बघ बे. मी म्हणायचो, बघ बे. तो त्याच्या तीन खऱ्या गिळायचा आणि मी माझं सोंग. हे मी रोज केलं. एखादा दिवस चुकून झालं असतं तर वेगळी गोष्ट होती, पण मी रोज दुकानाच्या गल्ल्यामागं उभा राहून, दोन वेगळ्या पाकिटांतून काढून, खिशात तयारी करून जायचो. बायकोच्या हाती नवी चिठ्ठी लागू नये म्हणून गोळ्याही दुकानातच ठेवायला लागलो.

माझी तब्येत सुधारली. दम कमी झाला, शिडी चढायला लागलो. रशीद बघायचा आणि म्हणायचा, तुझं बरंय बे, तुझं रगत गावरान हाय.

त्याला डॉक्टरांकडं न्यायचं होतं, ते? सांगतो. तो माझ्याबरोबर आला असता तर डॉक्टर त्याच्यासमोरच मला विचारणार – काय, संध्याकाळची एकच घेता ना? मग मिशी गेलीच, पण मिशीचं एवढं काही नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्याला फसवत होतो हे उघडं पडणार होतं. म्हणून मी त्याला म्हणलं, डॉक्टर म्हणाले घाई नाही, आधी मळणीचं काम आटोपू दे. हरभरा, ज्वारी, गहू – सगळ्यांची मळणीयंत्रं तेव्हा एकदमच बिघडतात. रशीदला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझं बोलणं त्याला सोयीचंच वाटलं. तो म्हणाला, डाक्टर समजदार हाय.

त्याचं उतरणं मी बघत होतो. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, मला कळत होतं – मी त्याच वाटेनं जाऊन आलो होतो ना. पाना फिरवता फिरवता तो थांबायचा आणि मडगार्डला टेकायचा. ओठ फिकट पडलेले. गाळ्याची एक पायरी चढून आला तरी बोलायच्या आधी क्षणभर गप्प राहायचा. मी नजर वळवून पावती फाडत बसायचो. एकदा त्यानं मला सरळ विचारलं, "खरं सांग भास्कऱ्या, तुला दम लागत न्हाई?"

न्हाई बे, म्हणलं.

तो कसनुसा हसला. म्हणाला, मग माझंच वय झालं.

इथवर सांगितलं ते माझ्या मानानं सोपं होतं. मी मनाची समजूत घालायचो की दोन गड्यांमधली गोष्ट आहे, पैज आहे, त्यानंही उद्या हट्ट सोडला की जाईलच डॉक्टरकडं. त्याच्या हट्टात माझा काय दोष? असं मी स्वतःला ऐकवत होतो. पुढचं मात्र ऐकवता येत नाही. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की इथं येऊन थांबावं. पण मग हे सगळं सांगितलं कशाला?

मुमताजभाभी माझ्या दुकानात आली. रशीदची बायको. इतक्या वर्षांत ती कधी दुकानाची पायरी चढली नव्हती. काही असलं तर माझ्या बायकोकडं यायची, घरी. त्या दिवशी भर दुपारी आली, हातात भाजीची पिशवी, डोक्यावरून ओढणी पुढं ओढलेली. रशीद कुठल्यातरी शेतात कामाला गेलता. एक गिऱ्हाईक काउंटरपाशी फॅनबेल्ट निवडत उभं होतं. भाभी बाजूला थांबली, आणि मी विचारल्यावर हळूच बोलली.

"भास्करभाऊ, तुमाला एक विचारायचंय. यांना जिना चढवत न्हाई आता. नमाजला वाकले तर उठताना भिंत धरतेत. म्या म्हणते डाक्टरकडं चला, तर म्हणतेत, भास्कऱ्याला काय होत न्हाई, मलाच कावून व्हईल. तुमी खरं सांगा. तुमी तेवढ्याच गोळ्या खाता का? तेवढ्याच?"

तिनं रोगाचं नाव घेतलं नाही, औषधाचं नाव घेतलं नाही. फक्त तेवढ्याच, तेवढ्याच, असं दोनदा विचारलं. म्हणजे तिला शंका आली होती. बाई हुशार होती. खऱ्याच्या अगदी दारात येऊन उभी होती ती, मी नुसतं 'आत या' म्हणायचं बाकी होतं.

मी म्हणलं, "तेवढ्याच खातो भाभी. पूर्ण. मला काहीच न्हाई."

आणि थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला राखायला आणखी बोलावं लागतं. मी म्हणलं, "तुमी त्याला सोडू देऊ नका. उगं आळस करंल. सोडल्या तर रोग उलटंल. तुमी सवताच्या हातानं खाऊ घाला."

गिऱ्हाईक ऐकत होतं, म्हणून बोललो असं मी नंतर लई वेळा स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ते गिऱ्हाईक परगावचं होतं, त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. दुकानात कुणीही नसतं तरी मी हेच बोललो असतो. भाभीच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. "तुमी म्हणता तर बरंच असंल," म्हणाली, आणि पिशवी सावरत पायरी उतरली. जाताना माझ्या बायकोची खुशालीही विचारून गेली.

त्या दिवसापासून रशीद फाट्यावर कॅप्सूल घ्यायचा बंद झाला. भाभी घरीच द्यायला लागली, सकाळ-संध्याकाळ, समोर बसून. तो मला हसत सांगायचा, बायको आता पोलिस झाली बे, तोंड उघडून दाखवायला लावती. मला सोंग करायचं राहिलं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मळणीयंत्राचा ड्रम काढताना तो शेतातच कोसळला. शेतकऱ्यांनी टेम्पोत घालून अंबाजोगाईला नेला. मी पोचलो तेव्हा त्याला नळ्या लावलेल्या, भाभी भिंतीला टेकून बसलेली. हार्ट अटॅक होता. रक्त इतकं उतरलेलं की हृदयाला पुरेना, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यात आधीपासून नसा अरुंद असाव्यात, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आमचे डॉक्टर त्याला बघायला आले. ते माझ्याकडं वळले तशी आता काय विचारणार याची मला कल्पना आली. मी भाभीला म्हणलं, जरा चहा घेऊन या, मला चक्कर आल्यासारखं वाटतंय. ती लगेच उठली. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सांगितलं होतं ना, त्यांना घेऊन या म्हणून?

मी म्हणलं, सांगितलं साहेब, लई सांगितलं, ऐकतच नव्हता. कामाचा नाद वाईट त्याला.

शुद्धीवर नसलेल्या दोस्तावर मी हे ढकललं. त्याच्या खाटेपासून हातभर अंतरावर उभा राहून.

तो वाचला. औषध मात्र सगळं बंद करावं लागलं. बोलायला लागल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल? वॉर्डात न्हाव्याला बोलावलं. मी बाजूला उभा. उशीला टेकून त्यानं मिशी काढून घेतली, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि आरशात बघून म्हणाला, "हारलो बे भास्कऱ्या. तुज्यावानी दम न्हाई आपल्यात." नर्सबाई हसल्या. भाभीच्या डोळ्यात पाणी होतं आणि तीही हसली. मी हसलो. माझा हात माझ्या मिशीवर होता, मला नंतर ध्यानात आलं.

गावात येऊन मीही मिशी काढली. कुणी कारण विचारलं तर म्हणायचो, दोस्ताची नाही तर माझी कशाला. अहो, काय वाहवा झाली माझी. कुणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवला. लोक दुकानात येऊन हात मिळवून जायचे. दोस्ती असावी तर अशी, म्हणायचे. मी ती वाहवा घेतली. परत केली नाही.

रशीदचं हृदय अर्ध्या ताकदीचं राहिलं. पाना धरायचा प्रश्नच नव्हता. गॅरेज बंद झालं, हत्यारं विकली, आणि तो माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसायला लागला. बसल्या बसल्या नटबोल्ट आकाराप्रमाणं वेगळे करायचा. पुढं सरकारी दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या, कॅप्सूलची भानगड नसलेल्या. त्या खाऊन त्याचाही रोग गेला. पण हृदय काही परत आलं नाही. बरीच वर्षं तो असा माझ्यापासून दोन हातांवर बसून होता. रोज. सांगायला किती वेळ लागला असता? एक चहा होईपर्यंत झालं असतं. एकदा तर तो आपणहून म्हणाला, तुझ्याकडं बघून तेवढे दिस तरी खेचले बे, न्हाईतर म्या कधीच सोडलं असतं. मी गिऱ्हाइकाला आवाज दिला. गिऱ्हाईक कुणी आलेलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. सकाळी उठलाच नाही. मी खांदा दिला, माती दिली. सगळ्यांनी मला पुढं केलं, त्याच्या सख्ख्या भावाच्याही पुढं.

चार दिवसांनी बायकोला घेऊन भाभीकडं बसायला गेलो. बायका आतल्या खोलीत होत्या. भाभी बाहेर आली आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "म्या मारलं भाऊ त्यांना. त्ये नको नको म्हणायचे, छाती धरायचे. आन् म्या माज्या हातानं गोळ्या द्यायची. तोंड दाबून द्यायची."

हीच ती वेळ होती, नाही का? रशीद गेला होता. मिशी नव्हती. पैज कुणाच्या ध्यानातही नव्हती. हरायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. समोर ती एकटी बसली होती आणि माझ्या एका वाक्यानं तिच्यावरचं ते ओझं उतरणार होतं.

मी म्हणलं, "असं म्हणू नका भाभी. तुमी चांगल्यासाठीच केलं. तुमच्याकडून मुद्दाम थोडंच झालं."

म्हणजे मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? माझा गुन्हा तिच्या पदरात ठेवला आणि वर तिला माफी दिली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. म्हणाली, तुमी हाय म्हणून धीर हाय भाऊ. मी पाणी प्यायलो आणि येतो म्हणून उठलो.

मी दरवर्षी रक्त तपासतो. काही निघत नाही, मी पूर्ण बरा आहे. संध्याकाळची एकच खाल्ली आणि ती पुरली, डॉक्टर म्हणाले होते तसंच. रशीदलाही पुरली असती. काल मुमताजभाभी बाजारात दिसली, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून तिनं मला सलाम केला.